दोन अंमलांखालची घरे

अमेरिकेतील जुन्या विद्यापीठांच्या आवारात, किंवा आवाराला लागून असलेल्या एखाद्या वृक्षाच्छादित रस्त्यावर, उंच खांबांच्या ओसरीची आणि दर्शनी भिंतीवर दोन-तीन ग्रीक अक्षरे मिरविणारी जी प्रशस्त घरे दिसतात, ती नेमकी कोणाची, या साध्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही. घरात राहणारे विद्यार्थी विद्यापीठाचे. घरावरचे नाव शेकडो मैल दूर असलेल्या एका राष्ट्रीय संस्थेचे. इमारतीचे खरेदीखत बहुधा माजी सभासदांनी स्थापिलेल्या निराळ्याच गृहमंडळाच्या नावे. आणि त्या जागेचा वापर कशासाठी व्हावा हे ठरविण्याचा अखत्यार गावच्या नगरपालिकेचा. सुखाच्या दिवसांत या सर्वांचे सख्य असते. परंतु ज्या रात्री त्या घरात एखाद्या नवागत मुलाच्या जिवाला अपाय होतो, त्या रात्रीनंतर प्रत्येकाला आपल्या अधिकारापेक्षा आपल्या अधिकाराच्या मर्यादाच अधिक स्पष्ट दिसू लागतात. फ्रॅटर्निटी हे मुलांचे आणि सोरोरिटी हे मुलींचे जे विद्यार्थिसंघ तिकडे आहेत, त्यांच्या स्थानिक शाखा बेशिस्तपणे वागल्या असता त्यांना शासन कोण करतो, कोणत्या आधारावर करतो, आणि डोक्यावर दोन शास्ते असूनही ते शासन अपुरे का पडते, हा पुढील प्रकरणांचा विषय आहे. आणि तो विषय मराठी वाचकांपुढे सविस्तर मांडावा असे मला वाटले याचे कारण, आपल्या घरांतील मुलेमुली आता त्या विद्यापीठांत मोठ्या संख्येने जातात आणि त्या घरांची दारे त्यांनाही उघडी आहेत.

या संघांची वंशावळ अमेरिकेच्या राष्ट्रजन्माइतकी जुनी आहे. ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात ‘फाय बीटा कॅपा’ या नावाची गुप्त मंडळी स्थापन झाली. ती पुढे विद्वत्तेचा सन्मान करणारी संस्था बनली. पण शपथ, सांकेतिक खुणा, बोधवाक्य आणि बंधुभाव यांचा जो साचा तिने पाडला, तो १८२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील युनियन महाविद्यालयात ‘कॅपा अल्फा’ने उचलला आणि तेथून आजच्या अर्थाने फ्रॅटर्निटीची परंपरा चालू झाली. मुलींच्या संघांचा उगम १८५१ मध्ये जॉर्जियातील मेकन येथील वेस्लियन महाविद्यालयापर्यंत मागे नेता येतो. गौरवर्णीयांच्या संघांत ज्यांना प्रवेशच नव्हता त्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात ‘अल्फा फाय अल्फा’ आणि विद्यार्थिनींनी १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात ‘अल्फा कॅपा अल्फा’ ही स्वतंत्र घराणी उभी केली. पुढे या संघांचेही महासंघ झाले: सोरोरिट्यांची राष्ट्रीय परिषद १९०२ ची, फ्रॅटर्निट्यांची १९०९ ची, आणि कृष्णवर्णीयांच्या संघांची १९३० ची.

प्रारंभी विद्यापीठांचा विचार हे झाड मुळासकट उपटावे असाच होता. इंडियानातील पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष एमर्सन व्हाइट यांनी असा दंडक घातला, की ज्याला प्रवेश हवा त्याने गुप्त संघाचे सभासदत्व सोडल्याचे लिहून द्यावे. एका विद्यार्थ्याने तसे लिहून देण्यास नकार दिला, प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १८८२ मध्ये न्यायालयाने निवाडा दिला की केवळ सभासदत्वाच्या कारणावरून सरकारी विद्यापीठाला प्रवेश नाकारता येणार नाही, मात्र प्रवेश दिल्यावर विद्यार्थ्याच्या वर्तनावर वाजवी निर्बंध घालण्याचा अधिकार त्याला आहे. मिसिसिपी राज्याने याच्याही पुढे जाऊन १९१२ मध्ये कायदाच केला आणि सरकारी महाविद्यालयांतून हे संघ हद्दपार केले. १९१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. एवढे बळ हाती असूनही विद्यापीठांनी शेवटी तडजोड पत्करली, आणि तिच्यामागे तत्त्वापेक्षा निकड अधिक होती: विद्यार्थ्यांची संख्या वाढत होती, वसतिगृहे अपुरी होती, आणि ही घरे शेकडो मुलांच्या राहण्याजेवण्याचा भार विद्यापीठाच्या तिजोरीला तोशीस न लावता वाहत होती. माजी सभासद पुढे धनिक होऊन विद्यापीठाला सढळ हाताने देणग्या देत, हेही कारण त्यात मिळाले. पुढील शंभर वर्षांतील सर्व गोंधळाचे बीज या तडजोडीत आहे असे माझे मत आहे, कारण ज्या घराचा भार आपण उचलला नाही त्या घरात शिरून जाब विचारण्याचा नैतिक अधिकार विद्यापीठाने तेव्हाच अर्धा गमावला.

आता मध्यवर्ती कचेरीकडे वळू. प्रत्येक राष्ट्रीय संघाची अशी एक कचेरी असते. ओहायोतील ऑक्सफर्ड या लहानशा गावात आणि इंडियानापोलिस शहराच्या आसपास अशा कित्येक कचेऱ्या आहेत. स्थानिक शाखेला ही कचेरी सनद देते, आणि तिची सारी सत्ता त्या सनदेत सामावलेली आहे. सनद आहे तोवर शाखेला नाव, चिन्ह, दीक्षाविधी आणि विम्याचे छत्र मिळते. सनद काढून घेतली की त्याच मुलांचा समूह कायद्याच्या दृष्टीने केवळ काही मित्रांचा मेळा उरतो. दर सत्रात कचेरीचे प्रवासी सल्लागार शाखाशाखांतून फिरतात, आणि हे सल्लागार बहुधा नुकतेच पदवीधर झालेले तरुण असतात. ते हिशेबाच्या वह्या तपासतात, पदाधिकाऱ्यांशी बोलतात, दोन दिवस घरात राहतात आणि अहवाल लिहून पुढच्या गावाला जातात. तक्रार आली तर कचेरी प्रथम शाखेचे सर्व व्यवहार तहकूब ठेवण्याचा हुकूम धाडते. मग एकेका सभासदाला बोलावून त्याची जबानी घेतली जाते, ज्याचे वर्तन पसंत पडत नाही त्याला सभासदत्वातून वगळले जाते किंवा मुदतीपूर्वीच माजी सभासद ठरविले जाते. आणि प्रकरण हाताबाहेर गेलेले असेल तर सनद रद्द होते. सनद रद्द करताना चार-पाच वर्षांनी परत येण्याचा दरवाजा बहुधा उघडा ठेवतात, कारण तेवढ्या अवधीत जुन्यांपैकी शेवटचा विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडलेला असतो आणि नव्याने मांडलेल्या शाखेला पूर्वस्मृती उरत नाही.

हा सारा व्यवहार खाजगी संस्थेच्या घटनेनुसार चालतो. सभासद आणि संस्था यांच्यातील संबंध कराराचे, म्हणून न्यायालये त्यात सहसा हात घालीत नाहीत. साक्षीपुरावा किती असावा, आरोपीला कागद दाखवावेत की नाही, निकालाची कारणे द्यावीत की नाही, हे सारे कचेरीच्या मर्जीवर असते. तिला वेग आहे तो यामुळे, आणि तिच्या हातून अन्याय होतो तोही यामुळेच.

विद्यापीठाच्या हाती सनद नाही. त्याच्या हाती आहे ती मान्यता. मान्यताप्राप्त संघाला विद्यापीठाच्या आवारात नवे सभासद मिळविता येतात, सभागृहे वापरता येतात, क्रीडास्पर्धांत उतरता येते. ही मान्यता काढून घेण्यापूर्वी सरकारी विद्यापीठाला राज्यघटनेची बंधने पाळावी लागतात. या बंधनांचा इतिहास मला हृद्य वाटतो. १९६० मध्ये अलाबामातील माँटगोमेरी येथे कृष्णवर्णीय विद्यार्थी काउंटी न्यायालयाच्या तळघरातील उपाहारगृहात जाऊन बसले आणि आम्हालाही जेवण द्या म्हणाले. त्याबद्दल त्यांच्या सरकारी महाविद्यालयाने काही जणांना सुनावणी न देता काढून टाकले. आणि १९६१ मध्ये डिक्सन खटल्यात केंद्रीय अपील न्यायालयाने ठरविले की सरकारी महाविद्यालयाला विद्यार्थ्यास नोटीस दिल्याखेरीज आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याखेरीज हाकलता येणार नाही. समतेसाठी झगडणाऱ्या गरीब मुलांनी मिळविलेला हा हक्क आज सर्वांचा झाला आहे, आणि ज्या संघांच्या घरांत त्या मुलांना तेव्हा उंबरा ओलांडता आला नसता त्या संघांच्या सभासदांनाही तो तितकाच मिळतो. मात्र न्यायालयांनी या संघांना वाटेल तसे अभय दिलेले नाही. अमली पदार्थांच्या छाप्यानंतर पिट्सबर्ग विद्यापीठाने ‘पाय लॅम्डा फाय’च्या शाखेची मान्यता काढली, तेव्हा संघटनास्वातंत्र्याचा भंग झाला अशी त्या शाखेची कैफियत होती, ती २००० मध्ये अपील न्यायालयाने फेटाळली.

अठराव्या शतकात निजामाच्या मुलखातील गावांकडे मोगलाईचे अंमलदार आणि मराठ्यांचे चौथाई-सरदेशमुखीचे कमाविसदार असे दोघेही वसुलीला येत, आणि दोहोंपुढे हात जोडणाऱ्या रयतेला संकटाच्या वेळी आपला धनी कोण हे मात्र कळत नसे. अमेरिकेतील या शाखा तशाच दुहेरी अंमलाखाली नांदतात.

दोन सत्तांच्या गतीतील अंतर किती असते याचे दर्शन २०१५ च्या मार्चमध्ये ओक्लाहोमा विद्यापीठात घडले. ‘सिग्मा अल्फा एप्सिलॉन’ हा १८५६ मध्ये अलाबामात जन्मलेला जुना संघ. त्याच्या ओक्लाहोमातील शाखेचे सभासद एका बसमधून समारंभाला जात असताना कृष्णवर्णीयांविषयी अत्यंत हीन असे, झाडाला फाशी देण्याचा उल्लेख असलेले घोषगीत गात होते, आणि त्याचे चित्रण सर्व देशभर पसरले. रविवारी, ८ मार्चच्या रात्रीच मध्यवर्ती कचेरीने शाखा बंद केल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाचे अध्यक्ष डेव्हिड बोरेन यांनी संबंध तोडले आणि मंगळवारच्या मध्यरात्रीपर्यंत घर रिकामे करण्याचा हुकूम दिला. मंगळवारी दोन विद्यार्थ्यांना विद्यापीठातून काढण्यात आले. राष्ट्राने टाळ्या वाजविल्या, परंतु घटनाशास्त्राच्या अभ्यासकांनी तत्काळ प्रश्न उपस्थित केला: वाणी कितीही तिरस्करणीय असली तरी केवळ वाणीबद्दल सरकारी विद्यापीठाला विद्यार्थ्यास हाकलता येते काय? कचेरीला हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण तिच्यावर ते बंधनच नाही. विद्यापीठाच्या चौकशीत मात्र एक गोष्ट उघड झाली, जी कचेरीच्या झटपट निर्णयाने दडून राहिली असती: ते गीत त्या शाखेतील काही सभासद चार वर्षांपूर्वी संघाच्याच राष्ट्रीय नेतृत्वशिबिरात, एका जलपर्यटनात, शिकून आले होते. शाखेला सुळावर चढविणाऱ्या संस्थेच्याच अंगणात तिचा गुन्हा रुजला होता. बाहेरच्या सत्तेने चौकशी केली नसती तर हे कधीच कळले नसते, आणि घटनेची बंधने झेलणारी ती सावकाश चौकशी मला त्वरित दिलेल्या शिक्षेहून मोलाची वाटते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण मुलींच्या संघाचे आहे, आणि ते मी अंमळ तपशिलाने सांगतो, कारण सोरोरिट्यांच्या शिस्तीविषयी बोलताना त्यांच्या घरांतील मद्यबंदी, निवासी गृहव्यवस्थापिका आणि कडक नियम यांची प्रशंसा ऐकू येते आणि ती पुष्कळशी खरीही आहे. इंडियानातील ग्रीनकॅसल येथील डीपॉ या खाजगी विद्यापीठात ‘डेल्टा झीटा’ची एक जुनी शाखा होती. सभासदसंख्या घटत चालली होती, घर अर्धे रिकामे पडत होते. २००६ च्या उत्तरार्धात मध्यवर्ती कचेरीचे प्रतिनिधी आले, त्यांनी पस्तीस सभासदांच्या मुलाखती घेतल्या, आणि डिसेंबरात, परीक्षांच्या तोंडावर, तेवीस मुलींच्या हाती पत्रे पडली: तुम्हाला माजी सभासदाचा दर्जा देण्यात येत असून जानेवारीअखेर घर सोडावे. नव्या सभासद मिळविण्याच्या कार्याला त्यांची निष्ठा पुरेशी नाही, हे कचेरीचे म्हणणे. पण वगळलेल्यांत स्थूल देहाच्या सर्व मुली होत्या आणि शाखेतील एकमेव कृष्णवर्णीय, एकमेव कोरियन व एकमेव व्हिएतनामी वंशाची मुलगी होती, ही गोष्ट न्यूयॉर्क टाइम्सने छापली, आणि ज्या बारा जणींना ठेवून घेण्यात आले होते त्यांपैकी सहा जणींनी संताप येऊन आपणहून घर सोडले. या मुलींनी कोणाचा छळ केला नव्हता, मद्य पाजले नव्हते, नियम मोडला नव्हता. शाखेला वळण लावण्याकरिता कचेरीच्या हाती जे हत्यार दिलेले असते तेच येथे शाखेचे रूप सुधारण्यासाठी चालविले गेले. मार्च २००७ मध्ये डीपॉचे अध्यक्ष रॉबर्ट बॉटम्स यांनी त्या संघाशी विद्यापीठाचे संबंध तोडले. शाखेला विद्यापीठाने शासन करावे हे नेहमीचे. येथे विद्यापीठाने कचेरीला शासन केले, आणि माझ्या दृष्टीने या सबंध इतिहासातील तो एक अभिमानास्पद प्रसंग आहे.

परंतु शासनाची खरी कसोटी मृत्यूपाशी लागते. या विषयाचा आयुष्यभर पाठपुरावा करणारे लेखक हँक न्यूअर यांनी दाखवून दिले आहे की १९५९ पासून २०२१ पर्यंत अमेरिकेत एकही वर्ष असे गेले नाही, की ज्यात दीक्षेच्या नावाखाली होणाऱ्या छळाने, आपल्याकडे ज्याला रॅगिंग म्हणतात त्याने, निदान एका विद्यार्थ्याचा बळी घेतला नाही. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील ‘बीटा थीटा पाय’चे घर त्यांतील सर्वांत बोलके आहे, आणि ते अक्षरशः बोलके होते, कारण घरात चित्रण करणारे कॅमेरे बसविलेले होते. ते घर मद्यमुक्त म्हणून गणले जाई. विद्यापीठाच्या क्रीडाविभागातील एक कर्मचारी तेथे निवासी सल्लागार म्हणून राहत असे. २ फेब्रुवारी २०१७ च्या रात्री नवागतांना एकापाठोपाठ एक ठिकाणी उभे करून मद्य पाजण्यात आले. त्यांतील एकोणीस वर्षांचा एक मुलगा तळघराच्या जिन्यावरून कोसळला. त्याला उचलून कोचावर टाकले. तो झोपेत उताणा होऊन गुदमरू नये म्हणून पुस्तकांनी भरलेली पिशवी त्याच्या पाठीला बांधली. रात्रभर तो उठण्याचा प्रयत्न करीत पुन:पुन्हा पडत राहिला, आणि मदतीसाठी दूरध्वनी केला गेला तो सकाळी, सुमारे बारा तासांनी. ४ फेब्रुवारीला तो वारला.

या घरावर नियमांचा तुटवडा नव्हता. मद्यबंदीचा नियम कचेरीचा. छळबंदीचा नियम कचेरीचा, विद्यापीठाचा आणि राज्याच्या कायद्याचाही. मेजवान्यांवर देखरेख ठेवण्याचे काम फ्रॅटर्निट्यांच्या विद्यार्थिपरिषदेकडे. कोचावर पडलेल्या मुलाभोवती उभ्या असलेल्या मुलांपैकी प्रत्येकाला हे नियम ठाऊक होते, आणि नेमके त्यामुळेच मदत मागविणे म्हणजे सनद, मान्यता आणि घर ही तिन्ही धोक्यात घालणे, हाही हिशेब त्यांच्या मनात असणारच. कचेरीने त्याच महिन्यात शाखा बरखास्त केली. विद्यापीठाने ३० मार्चला तिच्यावर कायमची बंदी घातली. जूनमध्ये फ्रॅटर्निट्यांच्या शिस्तीचा कारभार विद्यार्थिपरिषदेकडून काढून आपल्या हाती घेतला. डिसेंबरात काउंटीच्या ग्रँड ज्यूरीने विद्यापीठाच्या वर्षानुवर्षांच्या अनास्थेवर कडक ताशेरे ओढले. २०१८ मध्ये राज्याने त्या मुलाचे, टिमथी पियाझा याचे, नाव असलेला छळविरोधी कायदा संमत केला. ही सर्व कृत्ये योग्यच होती. त्यांतील एकही त्या रात्रीच्या आधी झाले नाही.

असे का व्हावे, याचे उत्तर नीतीपेक्षा उत्तरदायित्वाच्या कायद्यात शोधावे लागते, आणि पुढील प्रकरणांत सर्वांत अधिक पृष्ठे मी याच भागाला दिली आहेत. डेलावेअर विद्यापीठात १९८० मध्ये ‘सिग्मा फाय एप्सिलॉन’च्या दीक्षेच्या रात्री एका उमेदवाराच्या अंगावर भट्टी साफ करण्याचे दाहक द्रावण ओतले गेले आणि तो भाजला. १९९१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाला जबाबदार धरले. विद्यापीठाने छळाविरुद्ध नियम केले होते, त्याच्या सुरक्षाविभागाला असे प्रकार घडतात हे ठाऊक होते. म्हणजे त्याने एक जबाबदारी पत्करली होती, आणि पत्करलेली जबाबदारी पार पाडली नाही, असा तर्क. इंडियानातील वाबाश महाविद्यालयात २००८ मध्ये एक नवागत विद्यार्थी ‘डेल्टा टाऊ डेल्टा’च्या घरात मद्याने मेला. २०१४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय संस्थेला मोकळे केले: तिने नियम छापले, उपदेश केला, घटना घडून गेल्यावर शाखेला शासनही केले, पण शाखेच्या रोजच्या व्यवहारावर तिचा ताबा नव्हता. हे दोन निवाडे शेजारी ठेवून वाचले म्हणजे कोणत्याही कचेरीच्या वकिलाला काय सल्ला द्यावासा वाटेल हे निराळे सांगायला नको. जो जवळून पाहतो तो अडकतो. जो दुरून नियम धाडतो आणि अपराध घडल्यावर सनद फाडतो तो सुटतो. मुलाच्या रक्षणासाठी जी जवळीक हवी तिचीच किंमत कायदा वसूल करतो, ही या व्यवस्थेतील सर्वांत दु:खद गोष्ट आहे.

विमा व्यवसायाने या दुराव्याला आणखी पक्के केले. १९८० नंतरच्या दशकात हे संघ विमा कंपन्यांना अत्यंत धोक्याचे गिऱ्हाईक वाटू लागले, तेव्हा १९८७ मध्ये काही संघांनी एकत्र येऊन विमा घेण्यासाठी मंडळ काढले, आणि त्याने मद्य कोणी आणावे, कोणी वाटावे, पाहुणे किती असावेत याविषयी नियमावली घालून दिली. ती वाचताना तिच्यातील शहाणपण पटते. मात्र नियम मोडणाऱ्या सभासदाला विम्याचे छत्र नाकारले जाऊ शकते. अपघात घडतो तो बहुधा नियम मोडल्यामुळेच. तेव्हा ज्या रात्रीसाठी विमा उतरविला त्याच रात्री एकोणीस वर्षांचा पदाधिकारी, आणि त्याच्या मागे त्याच्या आईबापांचे राहते घर, उघडे पडण्याचा संभव असतो. सभासदत्वाच्या अर्जावर सही करताना ही गोष्ट त्या मुलाला कोणी समजावून सांगत असेल असे मला वाटत नाही.

शासन कडक केले की गुन्हा थांबतो असेही नाही. १९८९ च्या अटलांटातील एका मृत्यूनंतर कृष्णवर्णीयांच्या संघांनी १९९० मध्ये उमेदवारीची पद्धतच एकमुखाने रद्द केली. ती पुष्कळ ठिकाणी चोरून चालू राहिली. कोलोरॅडो विद्यापीठाने २००४ च्या एका मृत्यूनंतर बोल्डर येथील फ्रॅटर्निट्यांपुढे नव्या अटी ठेवल्या. त्यांनी करारावर सह्या करण्याचे नाकारले आणि मान्यतेवाचूनच टेकडीवरच्या आपल्या घरांत राहू लागल्या. पुढे इतर विद्यापीठांतही काही शाखांनी तीच वाट धरली. अशा शाखेला कचेरीची सनद असते आणि विद्यापीठाचा अंमल नसतो. काही घरांत तर दोन्ही नसतात. डार्टमथ महाविद्यालयाने २०१५ मध्ये ‘अल्फा डेल्टा’ची मान्यता काढली तेव्हा त्या संघाला मध्यवर्ती कचेरीच नव्हती आणि घर त्याच्या स्वत:च्या मालकीचे होते, ते बंद पडले ते हॅनोव्हर गावच्या भूवापराच्या नियमामुळे, कारण त्या नियमानुसार विद्यार्थी-निवासाला महाविद्यालयाचा आधार आवश्यक होता, आणि २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाचा निर्णय कायम केला. दोन शास्त्यांना जे साधले नसते ते नगरपालिकेच्या एका कलमाने साधले.

हा विषय परक्यांचा म्हणून सोडून देणे आपल्याला आता परवडणार नाही. टेक्सासमधील ऑस्टिन येथे १९९८ मध्ये ‘डेल्टा एप्सिलॉन साय’ ही फ्रॅटर्निटी आणि ‘कॅपा फाय गॅमा’ ही सोरोरिटी दक्षिण आशियाई मुळांच्या विद्यार्थ्यांनी स्थापन केली; अशा संघांत मराठी आडनावांची मुलेमुली असणे स्वाभाविक आहे. परक्या देशात आपल्यासारख्यांची सोबत मिळते, दिवाळी साजरी होते, पुढे नोकरीधंद्यात ओळखी उपयोगी पडतात, आणि या लाभांना मी यत्किंचितही कमी लेखत नाही. पण आशियाई वंशाच्या संघांतही दीक्षेने जीव घेतले आहेत. न्यूयॉर्कच्या बरूक महाविद्यालयातील ‘पाय डेल्टा साय’च्या सभासदांनी डिसेंबर २०१३ मध्ये दीक्षेसाठी पेनसिल्व्हेनियातील पोकोनो डोंगरातले एक घर भाड्याने घेतले, विद्यापीठाच्या नजरेपासून मैलोगणती दूर, तेथे एक नवागत मारहाणीत मरण पावला, आणि २०१७ मध्ये ज्यूरीने राष्ट्रीय संस्थेलाच सदोष मनुष्यवध आणि गंभीर हल्ला यांबद्दल दोषी ठरविले. आपल्या राज्याचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा या संदर्भात तुलनेला घेण्याजोगा आहे. तक्रार येऊनही कारवाई करण्यात कसूर करणाऱ्या संस्थाप्रमुखाने त्या अपराधाला साहाय्य केले असे तो मानतो. त्याची अंमलबजावणी किती होते हा प्रश्न वेगळा, आणि तो आपल्याला खाली मान घालायला लावणारा आहे; पण कायद्याचा रोख बरोबर आहे, कारण तो कानाडोळा करणाऱ्याला अभय देत नाही.

अमेरिकेतही रोख बदलू लागला आहे, आणि त्याचे श्रेय प्रामुख्याने मुले गमावलेल्या आईबापांचे आहे. १९७८ मध्ये मुलगा गमावलेल्या आयलीन स्टीव्हन्स यांनी एकटीने सुरू केलेली फेरी चाळीस वर्षांनी इतर शोकाकुल कुटुंबांनी पुढे नेली. २०१८ मध्ये अशा पालकांनी फ्रॅटर्निट्यांच्या आणि सोरोरिट्यांच्या राष्ट्रीय परिषदांबरोबर हातमिळवणी केली. ज्या संस्थांच्या नावाखाली मूल मेले त्यांच्याच प्रतिनिधींशेजारी बसून विधिमंडळांपुढे साक्ष देण्यास जे धैर्य लागते त्याची कल्पनाही करवत नाही. २३ डिसेंबर २०२४ रोजी अध्यक्ष बायडन यांच्या सहीने केंद्रीय कायदा झाला. त्यानुसार विद्यापीठांना छळाच्या घटनांची संख्या वार्षिक सुरक्षा-अहवालात द्यावी लागते, आणि कोणत्या संघाने कोणता नियम मोडला, चौकशीत काय निष्पन्न झाले, काय शिक्षा झाली, याचा स्वतंत्र जाहीर अहवाल प्रसिद्ध करून तो वर्षातून निदान दोनदा अद्ययावत करावा लागतो. पुढील प्रकरणांत मी शिक्षांच्या कडकपणापेक्षा या प्रसिद्धीचा पुरस्कार वारंवार केला आहे. सनद रद्द झाल्याचे पत्र कचेरीच्या दप्तरात पडून राहिले तर पुढच्या वर्षीच्या नवागताला त्याचा काही उपयोग नाही. तेच नाव, तारीख आणि दोष यांसह छापून आले तर त्याची आई पुण्यात किंवा नागपुरात बसून ते वाचू शकते.

मात्र ते वाचताना त्या अहवालाची व्याप्ती लक्षात असावी. विद्यापीठाने स्थापिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या संघांपुरताच तो असतो. बोल्डरच्या टेकडीवरच्या घरांसारखी, मान्यता झुगारून राहिलेली घरे त्यात येत नाहीत, म्हणून एखाद्या शाखेचे नाव यादीत नसेल तर ती निर्दोष आहे की केवळ मान्यतेबाहेर आहे, हे विद्यापीठाच्या संबंधित कार्यालयाला निराळे विचारावे लागते. आणि मध्यवर्ती कचेऱ्यांवर या कायद्याने असा अहवाल प्रसिद्ध करण्याचे बंधन घातलेले नाही. त्यांनी शाखाशाखांतून घेतलेल्या जबान्या, सल्लागारांचे अहवाल आणि सनदा रद्द करण्याची कारणे खाजगी दप्तरांतच राहतात, आणि ती बाहेर येतात ती बहुधा एखाद्या मृत्यूनंतर न्यायालयाने मागविल्यावर.